गृहस्थाची सहावी सूना

धर्मशास्त्राच्या पाठात गृहस्थाश्रमाचे प्रकरण निघाले की 'पंचसूना' हा शब्द येतो आणि नवा विद्यार्थी हमखास हसतो. पाच सुना ज्या घरी नांदतात ते घर केवढे असेल, असे त्याला वाटते. मग गुरुजी सांगतात की, बाबा, ही सूना तुझ्या घरची नव्हे. सूना म्हणजे जिथे जीव मरतो ती जागा, खाटकाचे ठाणे. मनुस्मृतीने अशा पाच जागा गृहस्थाच्या घरातच दाखविल्या आहेत: चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. चुलीत लाकडाबरोबर किडा जळतो, जात्यात धान्याबरोबर सोंडकिडा भरडला जातो, केरसुणीखाली मुंगी सापडते. गृहस्थ कितीही दयाळू असो, सकाळी उठून भाकरी करावयाची म्हटली की त्याच्या हातून हिंसा होतेच.

येथे शास्त्रकारांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. चूल विझवा असे त्यांनी सांगितले नाही. सगळ्यांनीच चूल विझविली तर संन्याशाला भिक्षा कोण घालणार? बरं, एवढ्याशा किडामुंगीचा विचार कशाला, असेही ते म्हणाले नाहीत. त्यांनी त्या जागेला नाव दिले, आणि नावही गोडबोले दिले नाही, खाटिकखान्याचे दिले. मग रोजच्या पाच यज्ञांचे देणे गृहस्थाच्या माथी ठेवले: अध्ययन-अध्यापन, पितरांना तर्पण, देवांना आहुती, भूतमात्राला घास आणि अतिथीला अन्न. आज फेडले म्हणून उद्याची चूल निर्दोष होत नाही. उद्या पुन्हा पेटवावी लागते, पुन्हा फेडावे लागते.

आता काळ पालटला. चूल गॅसची झाली, जाते गिरणीत गेले, उखळ माळ्यावर पडले, घड्याच्या जागी नळ आला. पाचही सूना घरातून उठून लांब कोठे तरी गेल्या. त्यामुळे आपण अहिंसक झालो असे आपल्याला वाटू लागले आहे. आणि याच काळात एक सहावी सूना घरात आली, घरातच नव्हे, प्रत्येकाच्या बंडीच्या खिशात आली. आषाढीच्या वाटेवर रात्री मुक्कामाच्या तंबूत जाऊन पाहावे. एका फळीला वीस-पंचवीस फोन लोंबकळत असतात, बाहेर जनरेटर धडधडत असतो, आणि माउली आपला नंबर कधी लागेल म्हणून शेजारी बसून डुलक्या घेत असते. हा फोन, त्यामागची संगणकांची कोठारे, त्यांना लागणारी वीज, पाणी आणि खनिजे यांचा आज थोडा विचार करावयाचा आहे.

मुले म्हणतात, "फोटो फोनमध्ये नाहीत, आजोबा, क्लाउडवर आहेत." क्लाउड म्हणजे मेघ. शब्द असा काही निवडला आहे की ऐकणाऱ्याला वाटावे, हे सारे आकाशात तरंगते आहे, त्याला ना भार ना धूर. आम्हांस मेघदूत आठवते. यक्षाने मेघाकडे निरोप दिला खरा, पण धूर, तेज, पाणी आणि वारा यांपासून झालेला हा जड पदार्थ निरोप कसा नेणार, ही शंका कालिदासाने काव्याच्या आरंभीच काढून ठेवली आहे. मौज अशी की आजच्या क्लाउडला ही चारही द्रव्ये जशीच्या तशी लागतात. तेज म्हणजे वीज. वारा म्हणजे अहोरात्र फिरणारे पंखे आणि थंड हवेची यंत्रे, कारण हजारो संगणक एका छताखाली ठेवले की भट्टीसारखी उष्णता होते. पाणी म्हणजे ती उष्णता वाहून नेणारे पाणी. गूगल या एकाच कंपनीने २०२३ साली असे सुमारे २३०० कोटी लिटर पाणी वापरून संपविले. आणि धूर? धूर या कोठारांच्या दारात दिसत नाही. तो दुसरीकडे निघतो.

ही कोठारे फार दूर नाहीत. त्यांना डेटा सेंटर म्हणतात. देशातील अशा कोठारांच्या एकूण क्षमतेपैकी जवळजवळ निम्मी क्षमता मुंबई आणि नवी मुंबईत आहे. ऐरोली, रबाळे, महापे या भागांत खिडक्या नसलेल्या मोठमोठ्या इमारती दिसतात, त्या याच. समुद्रतळाने परदेशातून येणाऱ्या तारा वर्सोव्यासारख्या ठिकाणी किनाऱ्याला लागतात आणि त्यांतून निघालेला निरोप या इमारतींत येतो. इमारतींना वीज लागते, आणि आपल्या देशाची सत्तर टक्क्यांहून अधिक वीज अजून कोळशावर होते. एक युनिट वीज वापरली की देशाच्या सरासरीने सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. कोणती वीज कोणत्या केंद्रातून आली हे तारेत वेगळे निवडता येत नाही. पण महाराष्ट्रातला कोळशाच्या विजेचा मोठा अग्नी कोठे आहे हे ज्याला त्याला ठाऊक आहे. चंद्रपूरचे केंद्र २९२० मेगावॅटचे. त्यासाठी इरई नदीवर धरण बांधले गेले. त्या शहरातल्या माणसाला विचारावे, उन्हाळ्यात गच्चीवर कपडे वाळत घातले की त्यांवर काय बसते.

न्यायशास्त्राचा पहिला धडा सगळ्यांना माहीत आहे. डोंगरावर धूर दिसला की तेथे अग्नी आहे असे अनुमान करावे. आजच्या माणसाची अडचण अशी की धूर एका डोंगरावर, अग्नीचा उपयोग दुसऱ्या डोंगरावर आणि मध्ये शेकडो कोस. ऐरोलीत अग्नी दिसत नाही, खिशात धूर दिसत नाही. म्हणून अनुमान उलट्या दिशेने करावे लागते: हातात उजेड आहे, तेव्हा कोठे तरी धूर असलाच पाहिजे. आम्हांस वाटते, या काळातला नैतिक प्रश्न बव्हंशी हाच आहे. डोळ्यांसमोर मुंगी मेली तर आपला पाय आपोआप थबकतो. जे मरणे डोळ्यांसमोर नाही, ज्यातला आपला वाटा कणभर आहे आणि जे वीस वर्षांनी घडणार आहे, त्याच्यासाठी पाय थबकावा कसा?

तथापि हे पाप मोजताना हात आखडता घ्यावा लागतो, तसा सैलही सोडता कामा नये. २०१९ साली फ्रान्समधील द शिफ्ट प्रोजेक्ट या संस्थेच्या नावावर एक आकडा जगभर पसरला की, अर्धा तास चित्रपट फोनवर किंवा संगणकावर पाहिला तर १.६ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे मोटार सहा किलोमीटर चालविल्याइतका. लोक हादरले. पुढे आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या तज्ज्ञाने हिशोब पुन्हा मांडला, तेव्हा जगाच्या सरासरीने तासाला सुमारे ३६ ग्रॅम एवढाच आकडा निघाला. मूळ संस्थेनेही २०२० मध्ये सांगितले की त्या आकड्यात बिट आणि बाइट यांची गल्लत झाली होती. आठ बिटांचा एक बाइट होतो. आपल्या जुन्या मापात सांगावयाचे तर अदपाव आणि शेर यांची अदलाबदल झाली. अतिशयोक्ती हा अलंकार काव्यात शोभतो, दुकानाच्या वहीत नाही. पाप आठपट वाढवून सांगितले की ऐकणारा एक दिवस घाबरतो, आणि खरा आकडा कळल्यावर मूळ पापालाही हसू लागतो. आम्हा कीर्तनकारांना हा अनुभव नवा नाही. नरकातल्या कढया फार तापविल्या की मागच्या रांगेतली पोरे खुसखुसतात.

तेव्हा फोनवर तासभर कीर्तन ऐकले म्हणून कोणी कानकोंडे होऊ नये. एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. वरच्या आकड्याने पाहिले तर तेवढ्यात पंचाहत्तर तास कीर्तन ऐकून होईल. जीपमध्ये बसून चाळीस मैल कीर्तनाला जाणाऱ्यापेक्षा घरी ऐकणारा या एका बाबतीत हलकाच ठरतो. २०२० साली साथीमुळे पायी वारी झाली नाही, पादुका एस.टी.च्या बसने पंढरीस नेल्या, आणि लाखो लोकांनी तो सोहळा हातातल्या काचेवर पाहिला. काचेत पाहणे आणि वाळवंटात उभे राहणे एक नाही, हे सांगावयास आमची गरज नाही. पण त्या वर्षी ती काच नसती तर म्हाताऱ्याकोताऱ्यांनी काय केले असते? आणि देवाधर्माच्या बाहेरचे सांगावयाचे तर सातबाऱ्याचे पाहा. २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. पूर्वी त्याच कागदासाठी तालुक्याला दोन-दोन खेपा पडत. ओडिशात १९९९ च्या चक्रीवादळात दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. २०१९ मध्ये फानी आले तेव्हा उपग्रह आणि संगणक यांच्या अंदाजावर विसंबून दहा लाखांहून अधिक लोक आधीच हलविले गेले आणि मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. ज्या यंत्राने एवढे जीव वाचविले त्याला नुसते मायाजाल म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आम्ही ते म्हणणार नाही.

मग भार आहे कोठे? ऐकण्या-पाहण्यात आहे त्याहून फार अधिक तो फोनच्या जन्मात आणि मरणात आहे. हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. फोन रोज पूर्ण चार्ज केला तरी वर्षाला जेमतेम आठ-दहा युनिट वीज लागते, म्हणजे आपल्याकडच्या विजेने सहा-सात किलो कार्बन डायऑक्साइड. तो फोन कारखान्यात घडून हातात येईपर्यंतच पन्नास ते ऐंशी किलो निघून गेलेला असतो. साठ धरा. दोन वर्षांत फोन फेकला तर वर्षाला तीस किलो पडले. सहा वर्षे वापरला तर दहा. व्हिडिओ पाहावा की न पाहावा याची घासाघीस करीत बसणारा माणूस दर दिवाळीला नवा फोन घेत असेल तर तो गळक्या रांजणात वाटीने पाणी ओतीत आहे.

आणि केवळ धुराचाच हिशोब नाही. बॅटरीत कोबाल्ट लागतो. जगातला दोन-तृतीयांशाहून अधिक कोबाल्ट आफ्रिकेतल्या कांगो देशाच्या खाणींतून येतो, आणि तेथे हाताने खणल्या जाणाऱ्या खाणींत लहान मुले राबतात असे ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या २०१६ च्या अहवालाने दाखवून दिले. फोनमधल्या चिपा घडतात त्यांचे मोठे कारखाने तैवानात. चिप धुण्यास अतिशय शुद्ध पाणी लागते, तेही अमाप. २०२१ साली तैवानात मोठा दुष्काळ पडला. तेव्हा चिपांच्या कारखान्यांना टँकरने पाणी गेले आणि भातशेतीच्या कालव्यांचे पाणी सरकारने बंद केले. शेतकऱ्यांना भरपाई दिली, पण पीक गेले ते गेले. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी न्यावे लागले होते. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला तैवानच्या शेतकऱ्याचे दुःख समजावून सांगावयाची जरुरी नाही. त्याने फक्त एवढे लक्षात घ्यावे की त्या वर्षी घडलेली चिप कदाचित त्याच्याच खिशात असेल.

मरणाची गोष्ट त्याहून वाईट. २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन विद्युत कचरा झाला, आणि त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन मार्गी लागला अशी नोंद आहे. चीन आणि अमेरिका यांच्या मागोमाग या कचऱ्यात तिसरा नंबर आपला. दिल्लीच्या सीलमपुरात गल्लोगल्ली जुने संगणक आणि फोन फोडले जातात. तांबे मिळावे म्हणून तारा जाळतात, सोने सुटावे म्हणून पट्ट्या तेजाबात बुडवितात. शिसे मातीत जाते, धूर मुलांच्या छातीत जातो. २०२२ च्या नियमांनी, जे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, हा कचरा परत घेऊन मार्गी लावण्याची जबाबदारी वस्तू बनविणाऱ्यावर टाकली आहे. नियम चांगला आहे. पण आपल्या कपाटाच्या खणात बंद पडलेले तीन फोन पडून असतील, तर ते अधिकृत संकलकाकडे नेऊन देण्यास नियम आपल्या घरी येत नाही. भंगारवाल्याच्या गाडीवर टाकले की मात्र त्यांची वाट सीलमपुराकडे वळण्याचा संभव फार.

आता येथे पूर्वपक्ष उभा राहतो, आणि तो दुबळा नाही. कोणी म्हणेल, "महाराज, सारं खरं; पण मी एकट्यानं फोन जपला तर पृथ्वी किती वाचेल?" उत्तर प्रामाणिकपणे द्यावयाचे तर: जवळजवळ काहीच नाही. गूगलने २०२५ मध्ये जाहीर केले की त्यांच्या कृत्रिम बुद्धीला लेखी प्रश्न विचारला तर मध्यम प्रश्नाला ०.२४ वॅट-तास वीज आणि पाण्याचे पाच थेंब लागतात. पाच थेंबांत आचमनसुद्धा नीट होणार नाही! हा हिशोब कंपनीचा स्वतःचा आहे आणि वीज निर्माण करताना लागणारे पाणी त्यात धरलेले नाही. तरी तो आम्ही मानून चालतो. प्रत्येकाचा वाटा खरोखरच पाच थेंबांचा आहे. आणि तरीही जगातल्या डेटा सेंटरांनी २०२४ मध्ये ४१५ अब्ज युनिट वीज घेतली, जगाच्या विजेच्या सुमारे दीड टक्का. २०३० पर्यंत ती ९४५ अब्जांच्या आसपास, म्हणजे दुपटीहून अधिक होईल असा आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा अंदाज आहे. आयर्लंड या लहानशा देशात २०२३ साली एकट्या डेटा सेंटरांनी २१ टक्के वीज खाल्ली, शहरांतल्या सगळ्या घरांनी मिळून वापरली त्याहून जास्त. थेंब कोणाचाच दोषी नाही, आणि तळे तर भरले आहे.

श्रावणात सांगितली जाणारी खुलभर दुधाची कहाणी आपल्या आयाबायांना पाठ असते. राजाने महादेवाचा गाभारा दुधाने भरावा अशी आज्ञा केली. गावाने घरचे सगळे दूध आणून ओतले, वासरांना ठेवले नाही, पोरांना ठेवले नाही, गाभारा भरेना. एका म्हातारीने घरातल्यांना दिले, मुलांना पाजले, गाईवासरांना पाहिले, आणि मग उरलेले खुलभर दूध नेऊन वाहिले, गाभारा भरला. या कहाणीचा अर्थ 'थोडक्यानेही भागते' एवढाच लावतात. आम्हांस त्यातली दुसरी गोष्ट मोठी वाटते. गावाने ओतलेले दूध कोणाच्या तोंडचे होते, याची मोजणी कोणी केली नव्हती. म्हातारीने ती आधी केली, देवळाकडे मागून गेली. तिच्या खुलभर दुधाने गाभाऱ्याच्या पातळीत किती भर पडली, हा प्रश्न जो विचारतो त्याला कहाणी कळली नाही. पूर्वपक्ष करणारा आपल्या थेंबाने काय साधेल हे विचारतो. म्हातारी आपला थेंब कोणाकडून आला हे विचारते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'काहीच नाही' असे आले तरी दुसरा प्रश्न जागचा हलत नाही.

दुसरा पूर्वपक्ष असा: पाप कंपनीचे, आम्ही तर गिऱ्हाईक. यात तथ्य आहे. २०२३ मध्ये गूगलचे उत्सर्जन २०१९ च्या मानाने ४८ टक्क्यांनी वाढल्याचे त्यांच्याच अहवालात आहे. मायक्रोसॉफ्टचे २०२० पासून सुमारे २९ टक्क्यांनी. कृत्रिम बुद्धीसाठी उभारलेली नवी कोठारे हे त्याचे एक मोठे कारण. कोठार कोळशावर चालवावे की उन्हावर, फोनची बॅटरी बदलता येईल अशी ठेवावी की चिकटवून टाकावी, हे तुम्ही-आम्ही ठरवीत नाही. मनुस्मृतीत एक विचार आहे: पशू मारला गेला तर अनुमती देणारा, कापणारा, मारणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजविणारा, वाढणारा आणि खाणारा हे आठही जण घातक. आठांना एकच शब्द लावला आहे. पण आठांचा दोष तोळामासा सारखा आहे असे तेथे म्हटलेले आम्हांस दिसत नाही. ज्याच्या हातात सुरी त्याचा भाग मोठाच. तो मोठा आहे म्हणून खाणाऱ्याचा शून्य होत नाही, आणि खाणाऱ्याने उपास केला म्हणून सुरीवाल्याला सोडून द्यावे असेही नाही. गिऱ्हाईकाने फोन जपावा आणि मतदाराने सरकारला विचारावे की नव्या कोठाराला वीज कोठली, पाणी कोणत्या धरणातले. दोन्ही कामे एकाच माणसाची आहेत.

कोणी म्हणतात, यंत्रे दिवसेंदिवस कमी वीज खाऊ लागली आहेत, प्रश्न आपोआप सुटेल. ही आशा निराधार नव्हती. २०१० ते २०१८ या काळात डेटा सेंटरांचे काम अनेक पटींनी वाढले आणि वीज मात्र सुमारे सहा टक्केच वाढली, असे अमेरिकन शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये हिशोब करून दाखविले. पण काटकसरीचा गुण फार दिवस पुरत नाही. १८६५ साली जेव्हन्स नावाच्या इंग्रज पंडिताने कोळशावर पुस्तक लिहिले, त्यात हे सांगून ठेवले आहे: वाफेचे इंजिन कमी कोळशात चालू लागले तेव्हा कोळसा वाचला नाही, इंजिनेच वाढली आणि कोळसा अधिक जळाला. घरातसुद्धा हेच. चूल सुधारली की आई चार पदार्थ जास्त करते. फोटो फुकट झाले तेव्हा एका लग्नाचे छत्तीस फोटो होते ते तीन हजार झाले, आणि आजतागायत कोणी ते सगळे पाहिले आहेत असे ऐकिवात नाही. २०१८ च्या सुमारास गूगलच्या संशोधकांनी भारतातले फोन भरून अडू का लागतात याचा शोध घेतला, तेव्हा रोज सकाळी येणारी सुप्रभाताची चित्रे हे एक कारण निघाले. फुले, समई, खाली सुविचार. विठोबाचे चित्र असलेली किती होती ते त्यांनी सांगितले नाही. आमच्या अंदाजाने पुष्कळ असावीत.

कार्बन क्रेडिट नावाचा एक प्रकार निघाला आहे, त्याविषयी दोन शब्द बोलून पुढे जाऊ. कंपनी धूर करते, आणि दुसरीकडे कोणी झाडे राखतो त्याला पैसे देऊन तेवढा धूर फिटला असे वहीत लिहिते. झाडे राखणे चांगलेच. पण पंचमहायज्ञ हा सूनेचा परवाना नव्हता; भूतयज्ञाचा घास टाकला म्हणून अधिक मुंग्या चिरडावयास कोणी मोकळा होत नसे. एखाद्या यजमानाने भटजीला दक्षिणा देऊन आपल्या नावाचा जप करवून घ्यावा आणि स्वतः सावकारीचे व्याज दुप्पट करावे, तशातला हा प्रकार होऊ नये.

प्रत्यक्षात काय करावे याचा विचार सांगण्यापेक्षा एक उदाहरण सांगतो. गोदाकाठच्या एका गावी अखंड हरिनाम सप्ताह असतो. गावच्या तरुणांनी गेल्या खेपेस सातही दिवस, चोवीस तास, चार कॅमेऱ्यांनी थेट प्रक्षेपण केले. १६८ तासांचा एक सप्ताह, चार कॅमेरे मिळून ६७२ तासांची चित्रफीत झाली आणि ती सगळी क्लाउडवर ठेवली. यंदा समितीतल्या एका शिक्षकाने प्रश्न काढला की रात्री विण्याचा पहारा चालतो तेव्हा पाहणारे दोन किंवा तीनच असतात, मग रात्रभर प्रक्षेपण कशाला? वीज, धूर, सगळे आकडे त्यांनी मांडले. बैठकीस आम्ही होतो. तेवढ्यात मागून एक जण म्हणाला, "त्या तिघांतली एक माझी चुलती आहे. वर्षानुवर्षे पायी गेली पंढरीला, आता मांडी मोडून पडलीय. रात्री झोप येत नाही तिला. तीनला उठून ती पहारा बघते."

सभा गप्प झाली. आमचे मत आम्ही सांगितले ते असे. रात्रीचे प्रक्षेपण चालू राहू द्यावे. ते त्या तिघांच्या वाटचे दूध आहे आणि त्याचा खर्च रात्रभर जळणाऱ्या मांडवाच्या दिव्यांपुढे काहीच नाही. मात्र रात्री चार कॅमेरे कशाला, एक पुरे. आणि चित्र फार बारीक तलम नको, चुलतीच्या फोनची काच लहान आहे. त्या ६७२ तासांपैकी कीर्तने तेवढी ठेवून बाकीचे महिन्याने पुसून टाकावे. नवे कॅमेरे घेण्याचा ठराव होता, तो मागे ठेवून जुनेच दुरुस्त करावे. मांडवावर रोषणाई गेल्या वर्षीच्या निम्मी करावी. खरा धूर तेथे आहे, आणि शिक्षकांनी नेमका तोच आकडा मांडला नव्हता. गावातले बंद फोन सप्ताहात एका पेटीत गोळा करून अधिकृत संकलकाकडे पोचवावे.

कीर्तनांविषयी आणि पेटीविषयी सगळ्यांचे एकमत झाले. रोषणाईवरून दोन तट पडले, कारण तिचा खर्च देणारा दाता बैठकीस हजर होता. पुसून टाकण्याला तरुणांचा विरोध आहे; ते म्हणतात, ठेवायला पैसे पडत नाहीत तर पुसायचं कशाला? पुढची बैठक एकादशीनंतर आहे.